सैतानाला तोंड पाहिजे

चित्र फुकट मागितलं याचा रुसमाना मास्तरांना राग आला नव्हता. चित्रकलेच्या मास्तराकडे लोक चित्र फुकटच मागतात, जसे लग्नाच्या जेवणात डॉक्टर भेटला की त्याला जीभ काढून दाखवतात. राग आला तो डिकडिकच्या पुढच्या वाक्याचा.

"फार अवघड काही नको कांग," डिकडिक म्हणाला. "तुम्हाला जमेल असं साधंसंच काढा. एखादा सैतान वगैरे."

डिकडिक हा मास्तरांच्या बायकोचा, म्हणजे इमासचा, धाकटा भाऊ. मास्तरांना तो 'कांग' म्हणायचा, मोठ्या भावाला म्हणतात तसं. दिवसभर मोटरसायकलच्या सुट्या भागांच्या दुकानात तो गिऱ्हाइकांशी इतकं हळू बोलायचा की त्यांना दोनदा विचारावं लागे, आणि रविवारी 'गुनुंग गेतिह', म्हणजे रक्ताचा डोंगर, नावाच्या मेटल बँडमध्ये असा गुरगुरायचा की शेजारची कोंबडी अंडी द्यायची थांबायची. आमच्या उजुंगबरुंग गावात याचं कुणाला काही वाटत नाही. आमच्याकडे पोरगं मेटल वाजवतं म्हटलं की आया निश्चिंत होतात. म्हणजे निदान घराजवळच असतं, आणि नमाजाच्या वेळी थांबतं.

तर बँडची पहिली तबकडी निघणार होती. गल्ल्यात जे काही होतं त्यात एकतर मुखपृष्ठाचं चित्र काढून घेता आलं असतं नाहीतर ते छापून. चित्रकार घरातलाच असल्यामुळे छापायचं ठरलं.

"जमेल असं म्हणजे?" मास्तरांनी चहाचा पेला खाली ठेवला. "सव्वीस वर्षं शिकवतोय मी. दर ऑगस्टला गल्लीच्या तोंडाशी स्वातंत्र्यदिनाची कमान कोण रंगवतं? मशिदीतल्या घड्याळाचे आकडे कुणी रंगवले? त्यात मी सातचा आकडा असा काढलाय की—"

"तेच म्हणतोय. तुमचा हात बसलेला आहे. सैतान तर सातच्या आकड्यापेक्षा सोपा."

मास्तरांनी त्याच क्षणी नाही म्हणायला हवं होतं. पण माणसाचा अपमान झाला की तो आधी समोरच्याला चूक ठरवायला निघतो, आणि तिथेच काम गळ्यात पडतं.

सुरुवात अक्षरांपासून झाली. बँडचं नाव बँडच्याच पोरांनी काढून आणलं होतं. मास्तरांनी कागद उभा धरला, आडवा धरला. खराट्यावरून बस गेल्यावर जे उरेल, ते त्यावर होतं.

"यात नाव कुठे आहे?"

"सगळं नावच आहे," ढोल वाजवणारा गुगुम म्हणाला. गुगुम आडव्या अंगाचा होता आणि दर वेळी येताना आईने तळलेली केळी आणायचा. मानधन म्हणून बँडकडून एवढंच मिळणार होतं. मास्तरांना तो 'पाक' म्हणायचा, साहेब म्हणतात तसं. "हा ग. इथून मुळं फुटतात ना, तो न."

"वाचता येत नाही."

"वाचता आलं तर कोण घेईल पाक?"

या वाक्यावर मास्तर रात्रभर तळमळले. सुवाच्य अक्षर हा सुसंस्कृत माणसाचा पहिला दागिना, असं ते दरवर्षी सातवीच्या वर्गाला सांगत. सकाळी उठून त्यांनी 'गुनुंग गेतिह' अशी स्वच्छ, टपोरी, खाली बारीक सावली दिलेली अक्षरं काढली. डिकडिकने ती पाहिली, बराच वेळ पाहिली, आणि हळूच म्हणाला, "छानच आहे कांग. फक्त टॉनिकच्या बाटलीसारखं वाटतं." गुगुमने भर घातली, की त्याच्या आजीच्या गुडघ्याच्या मलमावर हुबेहूब अशीच अक्षरं आहेत, आणि ते मलम चांगलं आहे.

अक्षरं काट्याकुट्यांचीच राहिली. मास्तरांनी वरवर माघार घेतली आणि ठरवलं, की आता सैतान असा काढायचा की या दोघांची बोबडी वळली पाहिजे.

पहिला सैतान मनाने काढला. कचऱ्याच्या डोंगरातून वर येणारा, शिंगं, सुळे, लांब नखं. अंगाची हाडं बरोबर, छायाप्रकाश बरोबर, कुठल्याही परीक्षकाने चूक काढून दाखवावी. पण चेहरा! लग्नात वरपक्षाकडून आलेला आणि अजून कुणी बसा न म्हटलेला पाहुणा असतो ना, तसा तो सैतान हात पुढे करून उभा होता.

"याला बरं नाहीये का?" गुगुमने काळजीने विचारलं.

"बघून काढा ना काहीतरी," डिकडिक म्हणाला. "खरं काहीतरी समोर ठेवून."

म्हणून मास्तर कोपऱ्यावरच्या सातेवाल्याकडे, म्हणजे काडीला लावलेलं मटण भाजून विकणाऱ्याकडे, गेले आणि बोकडाचं एक मुंडकं घेऊन आले. कवटी स्वच्छ करायची तर ती उकळावी लागते, आणि उकळायला मावेल असं घरात एकच भांडं होतं: इमासचं भात वाफवायचं तांब्याचं उंच भांडं, तिच्या आईकडून आलेलं. इमास बाजारात गेली होती. मास्तरांनी हिशेब केला की ती यायच्या आत कवटी निघेल आणि भांडं घासून होईल. चित्रकलेत त्यांचा अंदाज कधी चुकत नसे; स्वयंपाकघरात मात्र तो पहिल्यांदाच वापरला होता.

वास प्रथम शेजारच्या बू हाजी एंतिनना आला; पुरुषाला 'पाक', तसं बाईला 'बू'. मक्केला जाऊन आल्यापासून त्यांना कुणाच्याही घरात न विचारता शिरण्याचा अधिकार आला होता. त्यांनी झाकण उचललं, बोकडाच्या डोळ्यांत पाहिलं आणि म्हणाल्या, "गवती चहा टाका भरपूर. वास मरेल." मग बाहेर जाऊन त्यांनी गल्लीला सांगितलं, की पाक रुसमाना बायको घरी नसताना मुंडकं उकळतायत आणि तोंडाने काहीतरी पुटपुटतायत. पुटपुटत ते खरंच होते. हात भाजला होता.

इमास परतली तेव्हा दारात सातआठ बायका होत्या. तिने भांडं पाहिलं. तिने भांडं उचललं, कवटी त्यांच्या मांडीवर ठेवली आणि अंगणात जाऊन राखेने घासायला बसली, पाठ करून.

दुसऱ्या दिवशी गल्लीचे प्रमुख पाक सोबारी आले. निवृत्त टपालमास्तर, भरघोस मिश्या, आणि कुठलीही गोष्ट नियमात बसवल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नसे.

"माझा स्वतःचा विश्वास नाही," ते बसत म्हणाले, "पण लोक म्हणतायत तुम्ही करणी करताय."

"करणी? मी शिक्षक आहे!"

"म्हणून तर लोकांना जास्त खात्री वाटते. शिकलेला माणूस नीट करेल." त्यांनी टेबलावरच्या कवटीकडे पाहिलं. "हे इथे किती दिवस राहणार?"

"चित्र होईपर्यंत."

"नियम तुम्हाला माहीत आहे. बाहेरचा पाहुणा चोवीस तासांच्या वर राहिला की मला कळवावं लागतं."

"तो पाहुणा नाही! ती कवटी आहे! बोकडाची!"

"मग कुटुंबातलाही नाही ना? मी कुठे लिहू?" सोबारींनी शांतपणे चहा संपवला. "वॉर्ड कचेरीतून एक दाखला आणा पाक. मग मला बोलायला जागा राहील."

रुसमाना मास्तर चिडले, पण गेले. कचेरीत खिडकीमागच्या मुलीने विचारलं, कशासाठी दाखला? मास्तर म्हणाले, सैतान काढतोय. ती म्हणाली, अंगातून काढायचा असेल तर ते आमच्याकडे नाही. मास्तरांनी सांगितलं, कागदावर काढतोय. ती आत जाऊन साहेबांना विचारून आली. सैतानासाठी वेगळा दाखला नव्हता. जन्म, मृत्यू, गरिबी, दुकान आणि चांगली वर्तणूक एवढंच होतं. शेवटी चांगल्या वर्तणुकीचा देऊन टाकला. सव्वीस वर्षं गल्लीतल्या निम्म्या पोरांचे कान पिळलेल्या माणसाने आपण सभ्य असल्याचा कागद हातात घेऊन भर उन्हात चालत घरी यावं, याचं वर्णन करायला मास्तरांना शब्द सापडेनात. इमासला त्यांनी तेच तीनदा सांगितलं.

"सभ्य आहात हे लिहून मिळालं ना?" इमास म्हणाली. "जपून ठेवा. मला कधीतरी बघायला लागेल."

भांड्याचा राग अजून गेला नव्हता.

कवटी समोर ठेवून काढलेला सैतान खरोखरच बरा झाला. गालफडं आली, डोळ्यांच्या खोबणी आल्या. वरच्या ओठावर थोडी सावली हवी होती, ती मास्तरांनी दाट दिली. रंग वाळायला चित्र ओसरीवर ठेवलं आणि आत जाऊन ते जरा आडवे झाले. उठून पाहतात तर ओसरीवर गर्दी.

"अगदी पाक सोबारी!" कोणीतरी म्हणालं.

"मिश्या तर त्याच."

"शिंगांमुळे जरा उंच वाटतात."

मास्तरांनी शपथा घेतल्या. त्यांच्या मनात सोबारी नव्हते, कधीच नव्हते, असलेच तर अगदी थोडे होते. पण सोबारी स्वतः आले, चित्रासमोर हात मागे बांधून उभे राहिले आणि म्हणाले, "मला राग नाही आला. मी फक्त एवढंच विचारतो, की पाण्याच्या नळासाठी गेली चार वर्षं जो माणूस कचेरीत खेटे घालतो, त्याला तुम्ही कचऱ्यात उभं करता?"

मास्तरांनी त्याच संध्याकाळी मिश्या खरवडल्या, नाक लांब केलं, गाल आत घेतले. सकाळी बू हाजी एंतिन आल्या आणि चित्र पाहून ओढणी डोळ्यांना लावून रडायला लागल्या.

"माझे हाजी! रमजानच्या उपासांच्या शेवटच्या आठवड्यात अगदी असेच दिसायचे हो. एकही फोटो नीट नाहीये त्यांचा. झाल्यावर मला द्या, मी बैठकीत लावते. शिंगं तेवढी काढा."

आता विधवा बाईच्या नवऱ्याला सैतान म्हणून छापायचं कसं? नाक पुन्हा बदललं. आणि तेवढ्यात सोबारी परत आले. या वेळी खरे चिडलेले.

"मला काढून टाकलंत म्हणे?"

"तुम्हीच म्हणालात ना!"

"मी प्रश्न विचारला होता. काढा असं म्हणालो का? बायकोने माहेरी फोन करून सांगितलं, की यांचा चेहरा तबकडीवर येतोय. सासरे जन्मात पहिल्यांदा मला शाबास म्हणाले. आता मी काय सांगू? जागा हाजींना दिली?"

मास्तरांचा तोल इथे सुटायला लागला. पण गल्लीच्या प्रमुखावर ओरडायचं नसतं. ते आत गेले आणि उशीवर ओरडले.

इकडे छापखान्याचा तगादा सुरू झाला. छापखाना पाक मोमोनचा. तो लग्नपत्रिका आणि मिठाईचे खोके छापायचा, आणि दोन लग्नांच्या मधल्या मोकळ्या दिवशी यांचं काम अर्ध्या दरात करून देणार होता. दिवस चुकला तर पुढची मोकळी वेळ थेट उपासाच्या महिन्यात. छपाईच्या आदल्या दिवशी दुपारी डिकडिक आणि गुगुम आले. चित्रात सैतान होता, डोंगर होता, आभाळ होतं, आणि चेहऱ्याच्या जागी खरवडून खरवडून पांढरा झालेला अंडाकृती डाग.

डिकडिक त्याच्या त्या हळू, दुकानातल्या आवाजात म्हणाला, "राहू द्या कांग. तुम्ही खूप केलंत. गुगुमचा चुलतभाऊ मोबाइलवर करून देतो म्हणाला. इंटरनेटवरून एखादा चेहरा उचलेल. पाच मिनिटांचं काम."

"वाईट वाटून घेऊ नका पाक," गुगुम म्हणाला, आणि केळ्यांची बशी पुढे सरकवली.

ते गेले. मास्तर केळ्यांकडे बघत बसले.

पाच मिनिटं! सव्वीस वर्षं. परीक्षा जवळ आली की चित्रकलेचा तास गणिताला जायचा. मास्तर काही बोलले नव्हते. मुख्याध्यापक पाहुण्यांना शाळा दाखवताना त्यांच्या वर्गावरून "आणि हे काय, असंच" म्हणत पुढे न्यायचे. मास्तर हसले होते. कमानी रंगवल्या त्या सप्टेंबरात पाऊस घेऊन गेला. घड्याळात लोक वेळ बघतात, सात कोणी बघत नाही. आणि आता चुलतभाऊ. मोबाइलवर. मास्तर उठले. काहीतरी फोडावं असं त्यांना आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. बशी उचलली, ती इमासच्या आवडीची निघाली, म्हणून खाली ठेवली. त्यामुळे राग आणखी चढला. ते गर्रकन वळले आणि समोर कपाटाच्या आरशात कोणीतरी उभं होतं.

भुवया एकमेकींत घुसलेल्या. नाकपुड्या फुगलेल्या. कपाळाच्या मधोमध एक शीर, तोंड डावीकडे ओढलेलं, आणि डोळ्यांत अशी काही भावना, की जगाने आपल्याशी बोलण्याआधी उभं राहायला हवं होतं.

रुसमाना मास्तरांनी आरशावरची नजर न काढता हाताने चाचपून कुंचला उचलला.

इमास स्वयंपाकघरातून दोनदा डोकावली आणि दोन्ही वेळा परत गेली. संध्याकाळच्या अजानला चित्र झालं होतं. डिकडिकला फोन करून बोलावलं. दोघे आले, ओसरीवर चढले, आणि गुगुम एक पायरी खाली उतरला.

"कांग," डिकडिक म्हणाला. त्याचा आवाज आणखी खाली गेला होता. "हा कोण आहे?"

"कोणी नाही. कल्पना."

"आठ वर्षं मी ओरडतोय. हे माझ्या तोंडावर एकदाही नाही आलं."

मास्तरांनी कुंचले धुवायला घेतले.

पाक मोमोनने छापलं. काळी शाई संपत आली म्हणून आभाळ आदल्या लग्नाच्या उरलेल्या मरून रंगात गेलं, आणि सोनेरी वेलबुट्टीची चौकट पत्रिकेच्या साच्यातून काढायची राहून गेली. मास्तर छापखान्यात जाऊन तासभर भांडले. बँडला मात्र चौकट फार आवडली. गुगुम म्हणाला, सैतानाचं लग्न ठरल्यासारखं वाटतं, यापेक्षा भयंकर काय असणार?

तबकडी बाहेर पडायचा कार्यक्रम फुटबॉलच्या मैदानावर होता, शनिवारी दुपारी. सगळी गल्ली गेली. सोबारी इस्त्रीचा बाटिक शर्ट घालून पहिल्या रांगेत, बू हाजी एंतिन कानात कापूस घालून त्यांच्या शेजारी. काळे शर्ट घातलेली हजारभर पोरं. आणि मंचाच्या मागे, दुमजली घराएवढा कापडी फलक, त्यावर तो चेहरा. मास्तरांना हे कोणी सांगितलं नव्हतं. वीतभर चित्रात जे कल्पना म्हणून खपलं, ते दोन मजले झाल्यावर खपेना.

इमासने फलकाकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे. मग पुन्हा फलकाकडे.

"अहो," ती म्हणाली, "हे तर चहा गार झाल्यावरचं तोंड."

सोबारी वळले. बू हाजी वळल्या. मागची रांग वळली. "पाक रुसमाना!" कोणीतरी जुना विद्यार्थी ओरडला. "सर आहेत रे! आपले सर!"

मास्तरांच्या कानापर्यंत रक्त चढलं. ते तडक उठले. फलक उतरवायला सांगायचं, एवढं एकच डोक्यात होतं. पोरं बाजूला होत गेली. ते मंचाच्या पायऱ्या चढले तेव्हा डिकडिकने त्यांना पाहिलं आणि त्याला वाटलं, कांग कौतुकाचे दोन शब्द बोलायला आलेत. त्याने माइक त्यांच्या हातात दिला.

मैदानाने एकदा वरचा चेहरा पाहिला आणि एकदा खालचा. हुबेहूब. शिरेसकट. असा गदारोळ उठला की मास्तरांना स्वतःचाच आवाज ऐकू येईना. आणि गोंगाट करणाऱ्या वर्गापुढे उभा राहिलेला मास्तर जे करतो, तेच त्यांनी सव्वीस वर्षांच्या सवयीने केलं. पोटातून, घसा फाडून ओरडले,

"गप्प बसाऽऽऽ!"

हजार पोरांनी हात वर केले आणि पोटातून, घसा फाडून उत्तर दिलं, "गप्प बसाऽऽऽ!" गुगुमने त्यावर ढोल सुरू केला.

"मी काय सांगतोय! हा फलक आत्ता—"

"आत्ताऽऽऽ!"

गाणं संपेपर्यंत त्यांना खाली उतरता आलं नाही. उतरले तेव्हा सोबारींनी उठून हात मिळवला, आणि जुन्या विद्यार्थ्यांनी तबकड्या सहीसाठी पुढे केल्या. मास्तरांनी सुवाच्य अक्षरांत सह्या केल्या. रागावूनच केल्या, पण एकही चुकवली नाही.

खरं नुकसान सोमवारी कळलं. आठवीच्या वर्गात मागच्या बाकावर कुजबुज चालली होती. मास्तरांनी खडू ठेवला, वळले आणि भुवया जवळ आणल्या. आजवर एवढ्यावर वर्ग थंड व्हायचा. चाळीस पोरांनी आनंदाने हात वर केले, दोन बोटांची शिंगं केली आणि प्रेमाने गुरगुरली.

मास्तरांनी भुवया सोडल्या. दुसरा कुठला चेहरा करून पाहावा, याचा त्यांनी उभ्याउभ्या थोडा विचार केला. मग फळ्याकडे वळले आणि वर्गाला दिसणार नाही असा, अगदी मनापासून, तोच चेहरा केला.